देमसेल्फ, अवरसेल्फ, हिजसेल्फ: इंग्रजीतली दुर्मीळ आत्मवाचक सर्वनामं कशी घडतात आणि कधी वापरायची

शाळेच्या व्याकरणात इंग्रजी आत्मवाचक सर्वनामांच्या तक्त्यात आठ रूपं असतात: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ आणि अनेकवचनी अवरसेल्व्हज, युअरसेल्व्हज, देमसेल्व्हज. फार तर वनसेल्फ नववं. पण भाषांतर करणाऱ्याला, सबटायटलं लिहिणाऱ्याला किंवा मुद्रितं तपासणाऱ्याला या तक्त्याबाहेरची रूपं भेटतच राहतात. परदेशी संस्थेच्या नियमावलीत ‘देमसेल्फ’ असतं, जुन्या नाटकातला राजा ‘अवरसेल्फ’ म्हणतो, अमेरिकेच्या दक्षिणेतलं पात्र ‘हिजसेल्फ’ म्हणतं, यॉर्कशरचा शेतकरी ‘मायसेन’ म्हणतो. यातलं चूक कुठलं, बोलीतलं कुठलं आणि आज प्रमाण लेखनात चालणारं कुठलं, हे स्पेलचेकची लाल रेघ सांगत नाही. तिच्या लेखी सगळीच रूपं सारखी संशयास्पद.

मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्याची आणखी एक अडचण आहे. आपलं ‘स्वतः’ पुरुष, लिंग, वचन कशानंच बदलत नाही. मी स्वतः, तू स्वतः, त्या स्वतः, सगळे स्वतः. त्यामुळे इंग्रजीतली रूपं आपण पाठ करतो, पण ती कशी बनली हे बघत नाही. बनावट कळली की दुर्मीळ रूपं आपोआप सुटतात, म्हणून सुरुवात तिथून.

पुढचा तुकडा: षष्ठी की द्वितीया

प्रत्येक रूपाचे दोन तुकडे पाडा. मागचा ‘सेल्फ’ किंवा ‘सेल्व्हज’. पुढचा म्हणजे सर्वनामाचं एखादं रूप, आणि सगळी गुंतागुंत याच तुकड्यात आहे.

प्रथम आणि द्वितीय पुरुषात पुढचा तुकडा षष्ठीचा असतो: माय (माझा), युअर (तुझा, तुमचा), अवर (आमचा). तृतीय पुरुषात तो द्वितीयेचा, म्हणजे कर्माच्या जागी येणाऱ्या रूपाचा असतो: हिम (त्याला), देम (त्यांना), इट. ‘हर’चा अर्थ ‘तिचा’ही होतो आणि ‘तिला’ही, त्यामुळे हरसेल्फ कुठल्याही रांगेत बसतं.

एकाच तक्त्यात दोन रीती का? प्राचीन इंग्रजीत साधं ‘त्याला’ हेच ‘स्वतःला’ म्हणूनही चालत असे. जोर द्यायचा असेल किंवा घोटाळा टाळायचा असेल तर शेजारी ‘सेल्फ’ ठेवत. ते तेव्हा विशेषणासारखं वागे आणि सर्वनामाबरोबर विभक्ती घेई. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत विभक्तिप्रत्यय झिजले. ‘मला’ या अर्थाचं ‘मे’ घाईच्या उच्चारात ‘मि’ होऊन ‘माझा’ या अर्थाच्या ‘मि’सारखं ऐकू येऊ लागलं. त्यात ‘हर सेल्फ’चा नमुना समोर होताच, तो ‘तिचा सेल्फ’ असाही वाचता येत होता. अशा रीतीनं ‘सेल्फ’ हे नाम वाटायला लागलं आणि नामाच्या आधी षष्ठी यावी हे ओघानंच आलं. प्रथम आणि द्वितीय पुरुष या नव्या रीतीकडे वळले, तृतीय पुरुष जुन्या रीतीवर राहिला. प्रमाण इंग्रजीनं ही अर्धवट बदललेली अवस्था तशीच गोठवली.

‘इटसेल्फ’बद्दल एक खुलासा. ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ हे षष्ठीचं रूप इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलं. इटसेल्फ त्याच्या कितीतरी आधीचं. त्यात एकच ‘एस’ आहे तो ‘सेल्फ’चा. ‘इट्ससेल्फ’ असं लिहिलेलं दिसलं तर विचार न करता दुरुस्त करा.

मागचा तुकडा: सेल्फ की सेल्व्हज

अनेकवचनात ‘सेल्व्हज’ येणं आपल्याला अनादी वाटतं, पण ते उशिराचं आहे. आधी अवरसेल्फ, देमसेल्फ हीच रूपं अनेकवचनातही चालत. ‘सेल्फ’ नाम म्हणून रुळल्यावर त्याचं अनेकवचन होऊ लागलं, तेही वुल्फचं वुल्व्हज, शेल्फचं शेल्व्हज व्हावं तसं, शेवटच्या ‘एफ’च्या जागी ‘व्ही’ येऊन. देमसेल्व्हज 1500 च्या सुमारास दिसायला लागलं आणि साधारण 1540 पर्यंत त्यानं देमसेल्फची जागा घेतली. त्यानंतर देमसेल्फ प्रमाण लेखनातून जवळजवळ नाहीसं झालं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळ्या कामासाठी परत आलं. म्हणून ‘देमसेल्फ हे आजकालच्या पोरांनी काढलेलं फॅड आहे’ असं कुणी म्हटलं तर ते इतिहासाला धरून नाही. शब्द जुनाच आहे, काम नवं आहे.

या तुकड्यात वरचेवर होणारी चूक म्हणजे ‘देमसेल्फ्स’ किंवा ‘युअरसेल्फ्स’. ‘एफ’ ठेवून नुसता ‘एस’ लावलेलं रूप आजच्या प्रमाण इंग्रजीत कुठेच चालत नाही.

एखादं अनोळखी रूप समोर आलं की पुढच्या क्रमानं तपासा:

1. कर्ता कोण ते ठरवा: पुरुष कुठला, व्यक्ती प्रत्यक्षात एक की अनेक.
2. पुढचा तुकडा षष्ठीचा की द्वितीयेचा ते बघा. तृतीय पुरुषात षष्ठी दिसली (हिज, देअर) तर रूप बोलीतलं आहे. प्रथम पुरुषात ‘मी’ दिसलं, जसं ‘मीसेल्फ’, तर तेही बोलीतलं.
3. मागचा तुकडा व्याकरणातल्या वचनाला जुळतो की खऱ्या संख्येला, ते पाहा. व्याकरणानं अनेकवचन पण माणूस एकच, असं असेल तर देमसेल्फ आणि अवरसेल्फची जागा तीच.
4. एकच शब्द लिहिलाय ना, बघा. मध्ये जागा नको, जोडरेघ नको. सतराव्या शतकातल्या छापील पुस्तकांत ‘माय सेल्फ’ असं तोडून लिहिलेलं सापडतं. उतारा जसाच्या तसा द्यायचा असेल तर ते तसंच ठेवा. आजच्या लेखनात लोंबती जोडरेघ फक्त ‘हिम- ऑर हरसेल्फ’ अशा जोडीत येते.
5. शेवटी, हे रूप कुणाच्या तोंडी आहे आणि कुठे छापलं जाणार आहे? पहिले चार प्रश्न व्याकरणाचे, हा औचित्याचा. पुष्कळदा निर्णय यावरच होतो.

देमसेल्फ: सर्वांत जास्त लागणारं

‘दे’ एका व्यक्तीसाठी वापरणं इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलंय. ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’ यात छत्री एकाच माणसाची. आत्मवाचक रूपाची वेळ आली की मात्र प्रश्न उभा राहतो: ‘समवन हॅज लॉक्ड देमसेल्व्हज आउट’ की ‘देमसेल्फ आउट’? कुलूप लागून बाहेर राहिलेला माणूस एक आहे, ‘सेल्व्हज’ अनेक. अर्थाला देमसेल्फ नेमकं बसतं.

त्याच्या जागा दोन. एक, व्यक्ती अनिश्चित असते: समवन, एनीवन, ‘अ कँडिडेट’, ‘द अ‍ॅप्लिकंट’. दुसरी, व्यक्ती ठाऊक असते आणि तिनं स्वतःसाठी ‘दे’ हे सर्वनाम निवडलेलं असतं. दुसऱ्या जागी देमसेल्फ अधिक स्वाभाविक वाटतं, कारण तिथे ‘सेल्व्हज’ लिहिलं की वाचक क्षणभर दुसरा माणूस शोधतो. ती व्यक्ती स्वतः कुठलं रूप वापरते हे विचारून घ्या आणि तेच लिहा.

शैलीपुस्तिका काय म्हणतात? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सातव्या आवृत्तीनं (2019) एकवचनी ‘दे’ उघडपणे मान्य केलं, आणि त्यांच्या शैलीत देमसेल्फ व देमसेल्व्हज दोन्ही चालतात. शिकागो मॅन्युअलच्या सतराव्या आवृत्तीनंही (2017) देमसेल्फची दखल घेतली आहे. तरी औपचारिक लेखनात जुने संपादक देमसेल्व्हजच धरून असतात. प्रकाशकानं काही सांगितलं नसेल तर अनिश्चित व्यक्तीसाठी देमसेल्व्हज ठेवा, कुणाच्या डोळ्यांना खुपणार नाही. विशिष्ट व्यक्तीसाठी मात्र तिचंच रूप.

वापरताना बिघडतं ते असं:

‘दे’ एका व्यक्तीसाठी असलं तरी क्रियापद अनेकवचनीच राहतं. ‘दे आर’, ‘दे हॅव’. शेपटीला एकवचनी सेल्फ आलं म्हणून ‘दे इज’ होत नाही. ‘यू’ एका माणसाला म्हणतो तेव्हाही ‘यू आर’च म्हणतो आणि पुढे युअरसेल्फ लावतो, हे त्याचंच भावंड.

‘एव्हरीवन’ व्याकरणानं एकवचनी पण अर्थानं अख्खा जमाव. ‘एव्हरीवन एन्जॉइड देमसेल्व्हज’ हेच नीट वाटतं. तिथे देमसेल्फ ओढून आणू नका.

जुन्या मसुद्यात ‘हिमसेल्फ ऑर हरसेल्फ’ शोधून एका झटक्यात देमसेल्फ करण्याचा मोह आवरा. ‘ही हॅज हिमसेल्फ साइन्ड’ बदलताना ‘ही’ही बदलतो, ‘हॅज’चं ‘हॅव’ होतं आणि जवळपासचं ‘हिज’ही ‘देअर’ करावं लागतं. प्रत्येक जागा वाचूनच बदला. आणि वाक्यात आधीच दुसरा अनेकवचनी गट असेल, जसं ‘द डॉक्टर टोल्ड द नर्सेस दॅट दे...’, तर ‘दे’ नक्की कोण हे कळेनासं होतं. तिथे सर्वनाम सोडा, नामच पुन्हा लिहा.

पेचातून सुटायचे साधे मार्गही आहेत. कर्ता अनेकवचनी करा: ‘कँडिडेट्स मस्ट फमिलिअराइझ देमसेल्व्हज विथ द रूल्स’. किंवा आत्मवाचक रूपच काढून टाका: ‘कँडिडेट्स मस्ट रीड द रूल्स’. दुसरं वाक्य लहानही आहे आणि बरंही.

भारतीय कायद्याचं भाषांतर करणाऱ्यांसाठी एक आठवण. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13 नुसार, विषयात किंवा संदर्भात विरोधी काही नसेल तर केंद्रीय कायद्यांतला पुल्लिंगी शब्द स्त्रियांनाही लागू होतो. त्यामुळे कायद्याच्या कलमात ‘हिमसेल्फ’ असेल तर उतारा देताना ते आधुनिक करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या स्पष्टीकरणात हवं ते वापरा.

अवरसेल्फ: एका माणसाचं ‘आम्ही’

राजा ‘वी’ म्हणतो, पण असतो एकटा. शेक्सपिअरचा मॅकबेथ राजा झाल्यावर दरबाऱ्यांना निरोप देताना ‘वी विल कीप अवरसेल्फ टिल सपर-टाइम अलोन’ असं म्हणतो. जेवणाच्या वेळेपर्यंत आपण एकटेच राहणार, असा अर्थ. सर्वनाम अनेकवचनी, सेल्फ एक.

मराठीकडे याला थेट जागा आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि मालिकांतले छत्रपती, पेशवे, सरदार ‘आम्ही’ म्हणतात. इंग्रजी सबटायटल करताना ‘आम्ही स्वतः मोहिमेवर निघणार’ याचं काय करायचं? राजा फक्त स्वतःबद्दल बोलतोय की सोबतच्या मावळ्यांना धरून, हे आधी ठरवा. एकटाच असेल तर ‘वी अवरसेल्फ शॅल लीड’, सोबत्यांसकट असेल तर ‘वी अवरसेल्व्हज’. मूळ मराठीत जो फरक फक्त प्रसंगातून कळतो तो इंग्रजीत एका अक्षरगटानं दाखवता येतो, ही सोय वाया घालवू नये. पण हात राखून. दोन तासांच्या चित्रपटात हे रूप वारंवार आलं तर प्रेक्षकाला ते छपाईची चूक वाटायला लागतं. दरबारातल्या एकदोन वजनदार वाक्यांना ते पुरे, एरवी ‘आय’ किंवा साधं ‘वी’. क्रियापद इथेही अनेकवचनीच, ‘वी आर’.

राजाशिवाय आणखी दोघं हे रूप वापरतात. जुना संपादक, जो अग्रलेखात स्वतःला ‘वी’ म्हणतो. आणि आजचा लेखक, जो ‘आपण प्रत्येक जण’ अशा सर्वसाधारण अर्थानं ‘वी’ म्हणून ‘ईच ऑफ अस मस्ट आस्क अवरसेल्फ’ असं लिहितो. यातलं दुसरं रूप बऱ्याच वाचकांना अजून खटकतं, आणि अवरसेल्व्हज केल्यानं अर्थ काहीच हरवत नाही, म्हणून बदलावं. कंपनीच्या पत्रातलं ‘वी’ मात्र खरोखर अनेकांचं असतं. तिथे फक्त अवरसेल्व्हज.

युअरसेल्फ आणि युअरसेल्व्हज

ही रूपं दुर्मीळ नाहीत, पण मराठी माणसाची एक खास चूक इथे होते. ‘साहेब, आपण स्वतः या’ हा आदर इंग्रजीत नेताना हात अनेकवचनाकडे वळतो आणि ‘सर, प्लीज सीट युअरसेल्व्हज’ असं लिहिलं जातं. इंग्रजीला आदरार्थी अनेकवचन नाही. समोर एक माणूस, मग तो राष्ट्रपती असो, रूप युअरसेल्फ. प्रमाण इंग्रजीत ‘यू’चं वचन उघड दाखवणारी जागा हीच उरली आहे, म्हणून इथली चूक लगेच दिसते.

दायसेल्फ

‘दाऊ’ (तू), ‘दी’ (तुला), ‘दाय’ (तुझा) आणि त्यावरून दायसेल्फ. प्रथम व द्वितीय पुरुषाप्रमाणे षष्ठीचा तुकडा. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधलं ‘फिजिशन, हील दायसेल्फ’ (वैद्या, आधी स्वतःला बरं कर) हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण.

हे रूप जुनं वाटतं म्हणून भारदस्त आणि आदरार्थी समजलं जातं. ते उलट आहे. दाऊ हे जवळच्याला, कनिष्ठाला आणि देवाला उद्देशून होतं, अगदी आपल्या ‘तू’सारखं. अभंगाच्या भाषांतरात विठ्ठलाला दाऊ म्हणणं व्याकरणानं चपखल बसतं, पण दरबारी पत्रात सुभेदारानं राजाला दायसेल्फ म्हणणं म्हणजे अरेतुरे झालं. एकदा दाऊ धरलं की परिच्छेदभर तेच चालवा: क्रियापदं ‘आर्ट’, ‘हॅस्ट’, ‘डस्ट’, आणि मध्येच ‘यू’ नाही. जमावाला उद्देशून असेल तर दायसेल्व्हज असं रूप घडवू नका. अनेकवचनात सर्वनाम ‘यी’, आत्मवाचक रूप युअरसेल्व्हज.

वनसेल्फ

‘माणसानं स्वतःला जपावं’ अशा सर्वसाधारण विधानात ‘वन’ येतं. ब्रिटिश लेखनात शेवटपर्यंत ‘वन... वन्स... वनसेल्फ’ असंच चालतं. अमेरिकी लेखनात पुढे ‘ही... हिमसेल्फ’कडे वळण्याची जुनी चाल आहे. एक निवडा आणि वाक्यभर पाळा. ‘वन शुड रिस्पेक्ट युअरसेल्फ’ ही खिचडी कुठेच चालत नाही. जुन्या पुस्तकांत ‘वन्स सेल्फ’ असे दोन शब्द दिसतात. आज ते तोडून तेव्हाच लिहायचं जेव्हा ‘सेल्फ’ हे खरोखर नाम असतं, म्हणजे मानसशास्त्रातल्या ‘स्व’बद्दल बोलायचं असतं. (बँकेत ‘सेल्फ’च्या नावे लिहिलेल्या चेकवरचं सेल्फ असंच सुटं.)

हिजसेल्फ, देअरसेल्व्हज आणि बोलींतली रूपं

‘माय’ला सेल्फ लागतं, ‘युअर’ला लागतं, मग ‘हिज’ला का नको? हा प्रश्न इंग्रजी बोलींनी कधीच सोडवलाय: हिजसेल्फ, देअरसेल्फ, देअरसेल्व्हज. सगळीकडे षष्ठी. तर्क लावला तर बोलीच अधिक नियमित, प्रमाण रूपच अपवादानं भरलेलं. अमेरिकेचा दक्षिण भाग, अ‍ॅपलाशियन डोंगराळ प्रदेश, आफ्रिकन अमेरिकन इंग्रजी आणि उत्तर इंग्लंडच्या काही बोलींत ही रूपं नेहमीची. पात्राच्या तोंडी असतील तर दुरुस्त करू नका. निवेदकाच्या किंवा अहवालाच्या भाषेत असतील तर हिमसेल्फ, देमसेल्व्हज करा.

प्रमाण इंग्रजीतही ही षष्ठी एका जागी हमखास येते, आणि ती जागा फार उपयोगाची आहे. सर्वनाम आणि सेल्फ यांच्यामध्ये एखादा शब्द शिरला की रूप फुटतं, पुढे षष्ठी येते आणि सेल्फ नाम होतं. ‘हिज ओन सेल्फ’, ‘देअर व्हेरी सेल्व्हज’, ‘ही इज नॉट हिज युज्वल सेल्फ टुडे’. इथे ‘हिम युज्वल सेल्फ’ कुठल्याही काळी चुकीचं. ‘सेल्फ’मधलं नाम अजून जिवंत असल्याचा हा पुरावा.

यॉर्कशर आणि ईस्ट मिडलँड्समध्ये सेल्फऐवजी ‘सेन’: मायसेन किंवा मिसेन, दिसेन, हिसेन, देअरसेन. हे ‘सेल्व्हन’ या मध्ययुगीन रूपातून झिजत आलंय. स्कॉट्समध्ये शेवटचा ‘एफ’ गळतो: मसेल, यरसेल, हिसेल, आणि अनेकवचनी ऊरसेल्स, यरसेल्स. आयर्लंड, उत्तर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात मीसेल्फ ऐकू येतं. मराठीत उतरवताना यांच्यासाठी बनावट ग्रामीण रूप शोधू नका. ‘स्वतः’च ठेवा आणि बोलीचा रंग क्रियापदांत व शब्दांत येऊ द्या.

आयरिश इंग्रजीतला एक प्रयोग भाषांतरकारांना हमखास फसवतो. तिथे ‘हिमसेल्फ’ आणि ‘हरसेल्फ’ चक्क कर्ता होतात. ‘इज हिमसेल्फ अ‍ॅट होम?’ म्हणजे घरचे मालक घरी आहेत का. बायकोच्या तोंडी असेल तर ते जवळजवळ आपलं ‘आमचे हे’. त्याचं ‘तो स्वतः घरी आहे का’ असं भाषांतर केलं की प्रसंगातला सगळा नूर जातो.

नव्यानं घडवलेली सर्वनामं

लिंग न दाखवणारं सर्वनाम घडवायचे प्रयत्न दीडशे वर्षांहून जुने आहेत. अमेरिकी वकील आणि संगीतकार चार्ल्स क्रोझॅट कॉन्व्हर्स यांनी ‘दॅट वन’ आक्रसून ‘दॉन’ केलं. घडवलं 1858 मध्ये, जाहीर केलं 1884 मध्ये. त्याचं आत्मवाचक रूप दॉनसेल्फ. मेरियम-वेब्स्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशात हे सर्वनाम होतं, 1961 च्या आवृत्तीत ते गळलं. क्रिस्टीन एल्व्हरसन यांनी 1975 मध्ये ‘दे, देम, देअर’मधला सुरुवातीचा ‘टीएच’ काढून ए, एम, एअर असा संच केला, त्यावरून एमसेल्फ.

नवं रूप घडवायचा नियम आता तुम्हाला ठाऊक आहे: तृतीय पुरुष, म्हणून कर्माचं रूप घ्या आणि सेल्फ जोडा. एक्स अक्षरानं लिहिलेल्या ‘झी, झेम, झिर’ संचातून झेमसेल्फ होतं. झेड अक्षरानं लिहिलेल्या ‘झी’बरोबर जेव्हा ‘हिर’ येतं (उच्चार ‘हिअर’), तेव्हा कर्म आणि षष्ठी एकच असल्यानं हिरसेल्फ. हे हरसेल्फसारखंच सोपं. काही जण मात्र षष्ठीवरून झिरसेल्फ करतात. म्हणून नियम फक्त अंदाजासाठी, शेवटचा शब्द त्या व्यक्तीचा. पाच रूपं एकत्र मागून घ्या: कर्ता, कर्म, नामाआधीची षष्ठी, सुटी षष्ठी, आत्मवाचक.

जी रूपं नाहीतच

‘हू’ला आत्मवाचक रूप नाही. ‘कोणी स्वतःला लागून घेतलं?’ याचं ‘हू हर्ट हिमसेल्फ’ किंवा ‘देमसेल्फ’ होतं, ‘हूसेल्फ’ नाही. आत्मवाचक रूपाला षष्ठीही लागत नाही. मराठीत ‘स्वतःचं घर’ सरळ म्हणता येतं. ‘हिमसेल्फ्स हाउस’ होत नाही, ‘हिज ओन हाउस’ होतं. ‘त्यानं आपलं पुस्तक उचललं’ आणि ‘त्यानं त्याचं पुस्तक उचललं’ हा मराठीतला फरक इंग्रजीत ठेवायचा असेल तर हाच ‘ओन’ कामाला येतो.

रूप बरोबर, जागा चूक

मराठीतलं ‘आपण’ वाक्याची कुंपणं ओलांडतं. ‘रमेश म्हणाला की आपण येणार नाही’ यात आपण म्हणजे रमेशच असू शकतो. इंग्रजीत आत्मवाचक रूप आणि त्याचा कर्ता सहसा एकाच उपवाक्यात लागतात, म्हणून इथे ‘रमेश सेड दॅट ही वुड नॉट कम’, हिमसेल्फ नाही.

जागा दाखवणाऱ्या शब्दांनंतर साधं सर्वनाम येतं. ‘तिनं पिशवी स्वतःच्या शेजारी ठेवली’ म्हणजे ‘शी पुट द बॅग बिसाइड हर’. हरसेल्फ लिहिलं तर जड होतं.

काही क्रियापदांना आत्मवाचक कर्म हवंच असतं, आणि भारतीय इंग्रजीत नेमकं तेच गळतं: ‘आय अव्हेल्ड द लीव्ह’ नव्हे, ‘आय अव्हेल्ड मायसेल्फ ऑफ द लीव्ह’. प्राइड, अ‍ॅबसेंट, पर्जर, इनग्रेशिएट ही त्याच जातीची. ‘वी एन्जॉइड’ म्हणून थांबता येत नाही, पुढे अवरसेल्व्हज किंवा एखादं कर्म लागतं. उलट ‘वॉश’, ‘शेव्ह’, ‘ड्रेस’ यांना बहुतेक वेळा काहीच नको. आणि ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक तमुक’ हे कितीही रुळलेलं असलं तरी भारताबाहेरच्या वाचकाला ते वाक्य अर्धवट वाटतं. ‘आय अ‍ॅम’ म्हणा.

छापायला देण्याआधी तांत्रिक काम एकच, पण ते विसरलं की वरचं सगळं वाया जातं. देमसेल्फ, अवरसेल्फ, झेमसेल्फ यांतलं जे जाणीवपूर्वक ठेवलंय ते प्रकल्पाच्या शब्दकोशात जोडा आणि ऑटोकरेक्ट बंद करा. काही प्रोग्रॅम देमसेल्फ टाइप केल्या केल्या गुपचूप देमसेल्व्हज करून टाकतात, तर शेवटच्या वाचनात कुणी उत्साही तपासनीस अवरसेल्फला ‘व्ही’ लावून मोकळा होतो. शैलीपत्रकात रूप, ते कुणासाठी वापरलंय ती व्यक्ती किंवा पात्र, आणि पहिल्यांदा आलेलं पान, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवल्या तर त्याला तुम्हाला फोन करावा लागणार नाही.